परराज्यातली जुनी गाडी आपल्या नावावर करताना : काय करावे, काय टाळावे

दिल्ली पासिंगची डिझेल गाडी पुण्या-मुंबईतल्या तशाच गाडीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून लोक तिकडे जाऊन ती चालवत आणतात. बांदा-सावंतवाडीचा माणूस म्हापशाची गाडी बघतो, चंदगड-गडहिंग्लजचा बेळगावची. यात गैर काही नाही. परराज्यातली गाडी रीतसर घेता येते आणि नीट घेतली तर पैसेही वाचतात. पण पैसे दिल्यापासून आरसीवर आपले नाव चढेपर्यंत जो मधला काळ जातो, त्यात गाडी एकाकडे, कागद दुसऱ्याच्या नावावर आणि विमा धड कोणाचाच नाही, अशी अवस्था होते. अपघात त्याच काळात झाला तर दोन घरे अडचणीत येतात. हा काळ जितका लहान करता येईल तितका करायचा, एवढ्यासाठीच पुढचे सगळे.

सौदा ठरवण्याआधी

करावे : महाराष्ट्रात भरायच्या कराचा आकडा आधी काढावा. गाडीच्या किमतीवर घासाघीस त्यानंतर. वैयक्तिक मालकीच्या नव्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. परराज्यातल्या जुन्या गाडीला तिच्या वयाप्रमाणे यातून सूट मिळते, पण हिशेब मूळ खरेदीच्या किमतीवरून होतो, तुम्ही मोजलेल्या किमतीवरून नाही. चार लाखांना मिळालेली डिझेल गाडी मुळात चौदा लाखांची असेल तर कर चौदा लाखांच्या पायावर लागतो. म्हणून विकणाऱ्याकडे मूळ बिलाची प्रत पहिल्याच फोनवर मागा आणि ती घेऊन आपल्या आरटीओतून कराचा आकडा विचारून घ्या. ‘स्वस्त’ गाडी या एका आकड्याने महाग ठरू शकते. गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर दर थेट २० टक्के आहे, हेही आधीच मनात धरा.

करावे : वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून नोंद वाचावी. कर्जाचा बोजा आहे का, ही कितव्या मालकाची गाडी आहे, नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत आहे, काळ्या यादीत आहे का, इंधन कोणते नोंदले आहे. मग चेसिसवर कोरलेली सतरा अक्षरे-आकडे आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. आजूबाजूला घासल्याची, वेल्डिंगची खूण दिसली तर तिथूनच परत फिरा.

करावे : चोरीच्या गाड्यांच्या नोंदींत हा नंबर नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर तपासावे. तिथून मिळणारा दाखला पुढे एनओसीलाही (मूळ आरटीओच्या ना हरकत प्रमाणपत्रालाही) लागतो.

करावे : थकलेली ई-चलाने विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावीत. गाडी जिथे जिथे फिरली त्या राज्यांची चलाने बघा, फक्त नोंदणीच्या राज्याची नाही.

टाळावे : व्हॉट्सअॅपवर आलेल्या आरसीच्या फोटोवर भरवसा ठेवून आगाऊ रक्कम पाठवणे.

टाळावे : आरसीवर ज्याचे नाव आहे त्याला न भेटता व्यवहार करणे. ‘मालक परदेशी आहेत, कोऱ्या सह्या करून टीटी (हस्तांतराचे) फॉर्म देऊन गेलेत’ असे ऐकले की थांबा. अशी गाडी बहुतेक वेळा दोन-तीन हातांतून नाव न बदलता आलेली असते. मूळ मालक वारलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी झाली पाहिजे. त्यासाठी वेगळा अर्ज, फॉर्म ३१ असतो. मृत माणसाच्या जुन्या सह्यांवर केलेले हस्तांतर कधीही उलटू शकते.

टाळावे : वयाची अट न पाहता दिल्लीची गाडी घेणे. तिथल्या डिझेल गाड्या स्वस्त का, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवण्यास बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि त्यानंतर तिच्यात फेरफार होत राहिले. त्यामुळे दहा वर्षे भरत आलेल्या गाड्या दुसऱ्या राज्यांत विकायला निघतात. गाडी इकडे नोंदता येईल की नाही, हे तिच्या वयासह आपल्या आरटीओत विचारल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. आठ-नऊ वर्षांची दिल्लीची डिझेल गाडी घेऊन एनओसीसाठी महिने घालवणे म्हणजे स्वतःहून मुदतीच्या कडेला जाऊन उभे राहणे.

टाळावे : पुरात बुडालेली गाडी. चेन्नईच्या २०१५ च्या पुरानंतर किंवा सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरानंतर भिजलेल्या गाड्या तिथल्या तिथे कोण घेणार? त्या लांब जाऊन विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघा, चटई उचला, सीटखालच्या बोल्टांचा गंज बघा. मागच्या विम्याच्या दाव्यांची माहितीही मागा.

एनओसी : इथे घाई नको, पण ढिलाईही नको

एनओसी म्हणजे मूळ आरटीओने दिलेले ना हरकत प्रमाणपत्र. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ खाली फॉर्म २८ वर त्यासाठी अर्ज होतो आणि त्यावर चेसिसचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो.

करावे : एनओसीत कोणत्या आरटीओचे नाव हवे ते नेमके ठरवून द्यावे. पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्याने एमएच-१४ ऐवजी एमएच-१२ लिहून आणले की ती रद्द करून नवी काढा, म्हणजे पुन्हा त्या राज्यात खेटे. पत्त्याचा पुरावा ज्या कार्यालयाच्या हद्दीतला, त्याच कार्यालयाचे नाव.

करावे : आरसीतली प्रत्येक दुरुस्ती एनओसी निघण्याआधी, तिथेच करून घ्यावी. हा मुद्दा सगळ्यात जास्त हुकतो. एनओसी निघाली की मूळ आरटीओ त्या गाडीचे दुसरे काम करत नाही आणि नवे आरटीओ अर्धवट नोंदीची गाडी घेत नाही. म्हणून :

– कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा आधी उतरवा.
– बाहेरून बसवलेले सीएनजी किट आरसीवर चढलेले आहे का बघा. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी लागते; तिचा दाखला मागा.
– गाडी पूर्वी भाड्याने चालत असेल (गोव्यातल्या काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या गाड्या आठवा), तर ती तिथेच खासगी करून घ्या.
– रंग बदलला असेल तर तीही नोंद हवी.
– नावातली, चेसिस किंवा इंजिन नंबरातली चूक दिसली तर ती आधी सुधारा.

करावे : सौद्यातली काही रक्कम एनओसी हाती येऊन वाहन पोर्टलवर दिसेपर्यंत राखून ठेवावी आणि तसे करारात लिहावे. सगळे पैसे मिळाल्यावर एनओसीसाठी धावपळ करणारा विक्रेता मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

टाळावे : ‘तीस दिवसांत उत्तर आले नाही तर एनओसी मिळाली असे धरतात’ या आधारावर गाडी आणणे. कायद्यात तशी तरतूद खरोखर आहे. पण आपल्या आरटीओच्या संगणकावर एनओसी दिसल्याशिवाय इथला अर्ज पुढे सरकत नाही.

टाळावे : अधिकृत नसलेल्या डीलरच्या शब्दावर विसंबणे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते. मालकाने गाडी त्याच्याकडे दिल्याची ऑनलाइन नोंद झाली की तो मानीव मालक ठरतो आणि एनओसी किंवा हस्तांतराचा अर्जही करू शकतो. अधिकारपत्र दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर मूळ मालकाशी थेट व्यवहार करा.

पैसे आणि ताबा

करावे : पैसे बँकेतूनच द्यावेत. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि रोखीचा पुरावा पुढे विमा कंपनीपुढे काही कामाचा नाही.

करावे : ताबापावतीवर तारखेसोबत वेळ लिहावी. दुपारी १२ ला गाडी हातात आली आणि सकाळी १० वाजता सिग्नल तोडल्याचे चलान आले, तर ही वेळच वाद मिटवते. मीटरचे रीडिंग, किल्ल्या किती मिळाल्या, मूळ कागद कोणते मिळाले, सगळे तिथेच लिहा. दोघांच्या सह्या, दोघांकडे एक-एक प्रत.

करावे : हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर बसून घ्याव्यात. ओळखपत्र आणि पॅनच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती त्याच वेळी मागून घ्या. नंतर हजार किलोमीटरवरून त्या येत नाहीत.

विकणाऱ्यांनाही एक सांगणे आहे, कारण हे वाचणाऱ्यांत तेही असतील. नाव बदलेपर्यंत गाडी कायद्याने तुमची आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी २००७ मध्ये विकली गेली, पुढे हातोहात आणखी विकली गेली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. आरसीवर नाव मात्र पहिल्याचेच होते. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या पहिल्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. तेव्हा विक्री झाल्याची सूचना आपल्या आरटीओला आणि विमा कंपनीला स्वतः द्या. घेणाऱ्याच्या आश्वासनावर सोडू नका.

विमा : पहिल्या दिवशीचे काम

बहुतेक जण म्हणतात, ‘आधी आरसी होऊ दे, मग विमा बघू.’ हा क्रम उलटा आहे आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी विकली की चालू विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते, पण हे मानणे फक्त थर्ड पार्टीपुरते आहे. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला संरक्षण आहे. तुमच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी मात्र जुन्या मालकाच्या पॉलिसीतून तुम्हाला आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हे स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात आरसी नव्या मालकाच्या नावावर झालेली होती, पॉलिसी तेवढी राहिली होती, आणि गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला गेला.

करावे : ताबा घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला लेखी कळवावे, ईमेलही करा आणि स्पीड पोस्टही. त्यात गाडीचा नंबर, हस्तांतराची तारीख, आधीच्या मालकाचे नाव, पॉलिसीचा नंबर आणि तारीख हवी. सोबत विक्रीचा पुरावा, नव्याने भरलेला प्रस्ताव अर्ज आणि स्वतःच्या नुकसानीचा भाग नावावर करण्यासाठी विकणाऱ्याची संमती. म्हणून ताबा घेतानाच फॉर्म २९-३० सोबत एक संमतिपत्र सही करून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे. कंपनीने ‘नव्या नावाची आरसी आणा’ म्हटले, तर तसे लेखी मागा आणि तोपर्यंतच्या जोखमीचे काय, हेही लेखीच विचारा.

करावे : नो क्लेम बोनसचा फरक भरायची तयारी ठेवावी. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विकणाऱ्याला दावा न केल्याबद्दल २०, २५, ३५, ४५ किंवा ५० टक्के सवलत मिळालेली असते. ती त्याच्यासोबत जाते. समजा स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता १२,००० रुपये होता आणि ५० टक्के बोनसमुळे त्याने ६,००० भरले. तर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात त्या ६,००० च्या फरकातला वाटा तुम्हाला भरावा लागतो. तुम्ही स्वतःची जुनी गाडी नुकतीच विकली असेल, तर तुमचा बोनस तुमच्या विमा कंपनीकडून लिहून घ्या. तो दाखला तीन वर्षे चालतो आणि नव्याने घेतलेल्या पॉलिसीवर लावता येतो.

करावे : नवा एमएच नंबर मिळताच पॉलिसीवर त्याची नोंद करून घ्यावी. पत्ताही बदला. ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या नुकसानीच्या भागाच्या, हप्त्यासाठी देशाचे दोन झोन धरतात : मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि अहमदाबाद एका झोनमध्ये, बाकी देश दुसऱ्यात. म्हापशाची गाडी पुण्याला आली की झोन बदलतो. ते लपवून काही मिळत नाही. दाव्याच्या वेळी मात्र जुना नंबर, जुना पत्ता, जुना झोन या तिन्हींवर प्रश्न निघतात.

करावे : मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कवच आपल्या नावावर आहे याची खात्री करावी. जुन्या मालकाच्या नावचे कवच तुमच्या कुटुंबाच्या उपयोगाचे नाही.

टाळावे : हप्ता वाचवण्यासाठी आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यातली किंमत, खाली ओढणे. पाच वर्षांपर्यंत ती ठरलेल्या घसाऱ्याने उतरते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांपुढे ती तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. गाडी चोरीला गेली तर हाच आकडा हाती येतो.

टाळावे : फक्त थर्ड पार्टी घेऊन लांबचा प्रवास करणे. थर्ड पार्टीचे दर देशभर सारखेच आहेत. जून २०२२ पासूनच्या दरांनी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, जीएसटी वेगळा. दिल्लीहून पुण्याला अनोळखी गाडी चालवत आणताना त्या गाडीच्याच नुकसानीला कवच नसणे मला अजिबात पटत नाही. पॉलिसी लगेच नावावर होत नसेल तर गाडी ट्रकवर चढवून आणा आणि वाहतुकीचा विमा घ्या.

टाळावे : पॉलिसीत खंड. विमा नसताना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नव्वद दिवसांवर खंड गेला तर बोनसही बुडतो.

इथल्या आरटीओत

टाळावे : ‘बारा महिने आहेत की!’ असे म्हणत बसणे. बारा महिन्यांची मुदत कलम ४७ मध्ये आहे आणि ती आपली स्वतःची गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या माणसासाठी आहे. बदली होऊन नागपूरला आलेल्याला ती लागू. विकत घेणाऱ्याला कलम ५० लागू होते : तीस दिवसांत हस्तांतराचा अर्ज. एजंटसुद्धा या दोन मुदतींची सरमिसळ करतात.

करावे : नावबदल आणि नवा नंबर, दोन्ही अर्ज एकत्र द्यावेत. फॉर्म २७, २९, ३०, एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, मूळ बिल आणि चेसिसचा ठसा. कर्ज काढून गाडी घेतली असेल तर बोजा चढवण्याचा फॉर्म ३४. सरकारी फी फार नाही, मोठी रक्कम कराची. एजंट दोन्ही मिळून एकच आकडा सांगत असेल तर पावतीनिहाय फोड मागा.

करावे : गाडी निरीक्षकासमोर नेण्याआधी काचांवरची काळी फिल्म आणि बुलबार काढून टाकावेत. त्यासाठी परत पाठवलेल्या गाडीची पुढची तारीख मिळेपर्यंत तुमचे तीस दिवस सरत असतात.

करावे : उरलेले आयुष्य मोजावे. इथे नवा नंबर मिळाला तरी पंधरा वर्षे मूळ नोंदणीच्या तारखेपासूनच धरतात. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण : एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० रुपये, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर याशिवाय.

टाळावे : नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणे. तात्पुरती नोंदणी संपलेल्या एका गाडीच्या चोरीचा दावा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

बीएच (भारत) मालिकेच्या, म्हणजे देशभर चालणाऱ्या नंबरच्या, गाडीबद्दल थोडक्यात : ती कोणीही घेऊ शकतो, पण तुम्ही त्या मालिकेला पात्र नसाल तर राज्याचा नंबर आणि राज्याचा कर ओघाने आलाच. बीएचचा कर दोन-दोन वर्षांचा असतो. शेवटचा हप्ता कधीपर्यंत भरला आहे ते बघा.

नंबर मिळाल्यावर

नव्या नंबरची उच्च सुरक्षा पाटी अधिकृत ठिकाणाहूनच लावून घ्यावी; नाक्यावर रंगवलेली पाटी नको. पीयूसी नव्या नंबरवर काढा. विकणाऱ्याचा फास्टॅग ताबा घेतानाच बंद करायला सांगा, नाहीतर टोल त्याच्या खात्यातून जात राहतो, आणि एका गाडीला एकच टॅग या नियमामुळे तुमचा नवा टॅग अडतो.

मूळ राज्यात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण इथली नोंदणी झाल्यावरच. तिथल्या आरटीओत नव्या आरसीची प्रत, मूळ कराची पावती, एनओसीची प्रत आणि बँकेचा तपशील देऊन अर्ज करायचा. हा परतावा कोणाचा, हे मात्र करारातच ठरवून ठेवा. पावती विकणाऱ्याच्या नावावर असते आणि अर्ज बहुतेक वेळा त्याच्याच सहीने जातो. परतावा तुम्ही घेणार असाल तर तेवढी रक्कम गाडीच्या किमतीत धरली आहे का ते लिहा, आणि अर्जावरची त्याची सही ताब्याच्या दिवशीच घेऊन ठेवा.